चौथा आवाज

३ ऑगस्ट, सोमवार

नवं काम हाती घेतलं की मी ते लिहून ठेवतो. काय आलं, कोणाकडून आलं, कशासाठी आलं. हे काम घरचंच आहे, तरी शिस्त ती शिस्त.

तर बारकीची पेटी आज माझ्या टेबलावर आली. बारकी म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. विद्यापीठात शिकायला म्हणून आमच्याकडे आली ती राहिलीच, आणि आता तिथेच डॉक्टरेटच्या शेवटाला टेकली आहे. तिचं काम मुलांच्या कानांवर आहे. शाळेतली काही मुलं बहिरी नसतात, हाक मारली की वळतात. पण बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. बोलण्यातले हलके वर्ण गळून जातात आणि उरतो तो नुसता घोळ. अशा मुलाला 'ढ' म्हणून वर्ग मोकळा होतो. बारकीची पेटी ही मुलं हुडकणार. कानांवर हेडफोन, पेटीत चार आवाज, पहिला जाड, चौथा सर्वांत बारीक. बटण फिरवून आवाज कमी कमी करत जायचा, मुलाचा हात वर यायचा थांबला की आकडा टिपायचा. कुठल्याही शिक्षकाला जमेल. कल्पना उत्तम आहे. मला सुचली असती तर मीच केली असती.

बांधणी मात्र बघवत नाही. सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात कोंबलेलं, वायरींना शेंडा ना बुडखा. विद्यापीठात सोल्डरिंग शिकवत नाहीत हे उघड आहे. मी रेडिओ-स्पीकरचं काम कुठल्या शाळेत शिकलो नाही. जुनी खोकी उघडत, शॉक खात शिकलो. पण माझा सांधा आरशासारखा चमकतो.

बारकी म्हणाली, आतलं सगळं लावून झालंय मामा, तू फक्त त्याला नीट घर बांधून दे. मी हो म्हटलं.

८ ऑगस्ट, शनिवार

घर बांधलं. पत्र्याचं, कोपरे घासून गुळगुळीत, खाली रबरी पाय, हेडफोनची जागा अशी पक्की की पोरांनी ओढली तरी हलणार नाही. आतले सांधे सगळे पुन्हा केले.

झाकण लावण्याआधी ऐकून पाहिली. ऐकल्याशिवाय माझ्या दुकानातून वस्तू जात नाही. पहिले तीन आवाज ठीक. चौथा मात्र शेजारच्या घरातल्या डासासारखा. हे म्हणे प्रयोगशाळेत मीटरवर लावलंय. मीटरला कान असतात का? आत प्रत्येक आवाजासाठी एक बारीक स्क्रू आहे, त्याने जोर कमीजास्त होतो. चौथा स्क्रू फिरवत गेलो, बाकीच्या तिघांच्या पंगतीला बसेपर्यंत. बराच फिरवावा लागला. मग हिच्या नखांची लाल पॉलिश आणून स्क्रूवर एक ठिपका दिला. वाळला की तो दगड होतो, धक्क्याने काही सरकत नाही. ही माझी जुनी पद्धत. लाल ठिपका म्हणजे माझी सही.

बारकीला यातलं काही बोललो नाही. एवढी शिकलेली पोर, तिला कशाला कमीपणा.

पॉलिशवरून हिने मला चार शब्द सुनावले. आताशा हिला काही बोलायचं झालं की हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहते. पूर्वी आतूनच ओरडायची. संसार मुरला की बायकोला नवऱ्याची किंमत कळते, दुसरं काय.

१९ ऑगस्ट, बुधवार

बारकी पेटी घेऊन शाळाशाळांतून फिरते आहे. संध्याकाळी दमून येते, पण चेहरा फुललेला. पेटी बघून एका मुख्याध्यापकांनी विचारलं म्हणे, ही परदेशातून मागवली का. मी तिला हे दोनदा सांगायला लावलं.

दुकानात मात्र कटकट. संगीत शिकवणारे मास्तर त्यांचा स्पीकर परत घेऊन आले. दुरुस्त केल्यापासून कानात टोचतो म्हणाले. मी लावून ऐकला, मधासारखा आवाज. हल्ली लोकांचे कानच नाजूक झालेत. या महिन्यातली ही तिसरी तक्रार. तिघांनी एकमेकांत ठरवून आल्यासारखं तेच सांगावं याची गंमत वाटते.

नवी चहाची किटलीही सदोष निघाली. पाणी उकळलं की शिट्टी वाजते असं डब्यावर छापलंय. आज मी तिच्या शेजारी पेपर वाचत बसलो होतो आणि पाणी आटून बूड काळं झालं. ही म्हणते, वाजत होती, मी बाहेर दोरीवर कपडे घालत होते तरी मला ऐकू आली. वाजली असती तर मी बसून राहिलो असतो का? परत करून ये म्हटलं तर नुसती बघत राहिली.

७ सप्टेंबर, सोमवार

घरात सुतक असल्यासारखी शांतता. बारकी जेवली नाही.

झालं असं. एका शाळेत तिसरीत एक मुलगी आहे. बाईंची खात्रीच आहे की पोरीला नीट ऐकू येत नाही. फळ्याकडे तोंड करून सांगितलेलं तिला काही कळत नाही, तोंड बघितलं तरच कळतं. बारकीच्या पेटीने तिला पास केलं. कान उत्तम. बाईंनी ऐकलं नाही, पोरीला विद्यापीठाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या मोठ्या यंत्राने सांगितलं, बारीक आवाज तिला जवळजवळ नाहीतच.

मग बारकीने पेटीतून पास झालेली आणखी काही मुलं तिथे बोलावली. त्यांच्यातही दोघं तशीच निघाली. घर बांधण्याआधी हीच पेटी त्या यंत्राशी तंतोतंत जुळत होती.

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ऑक्टोबरात परीक्षकांपुढे सादरीकरण आहे. बाहेरून जे परीक्षक येणार आहेत तेच शाळांसाठी कुठलं यंत्र घ्यायचं त्या समितीवरही आहेत. असं का झालं ते तोवर कळलं नाही तर पदवी पुढच्या वर्षावर आणि पेटी कायमची कपाटात. फिरलेल्या सगळ्या शाळा पुन्हा करायला तेवढा वेळ नाही.

मी म्हटलं, पेटीत दोष असणं शक्य नाही, ती माझ्या हातून गेली आहे. मुलं हात वर करताना एकमेकांकडे बघत असतील. बारकी म्हणाली, मुलं एकेकटी बसतात, मामा.

९ सप्टेंबर, बुधवार

पेटीवरचा हा बट्टा मला सहन होत नाही. आज उपाय काढला. मी स्वतः दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रावर बसणार आणि मग पेटीवर. आयुष्यभर कानांवर पोट भरलं आहे. माझे कान प्रमाण धरले की दूध का दूध. दोन्हीकडे आकडे सारखे आले की पेटी सुटली आणि मुलांचं काय ते मॅडम बघतील.

बारकीला सांगितलं तर ती गडबडली. नको म्हणाली, मग हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, जाऊ दे त्यांना, एकदा जाऊच दे. माझ्या कामावर हिचा विश्वास आहे हे बघून बरं वाटलं.

११ सप्टेंबर, शुक्रवार

काय लिहू ते कळत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

दवाखान्यात भिंतींना जाड गादी लावलेली एक खोली आहे. दार लोटलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. हेडफोन घातले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. जाड आवाज सगळे पटापट दाबले. मग यंत्र थांबलं. बराच वेळ काही नाही. मध्येच काहीतरी लागायचं, पुन्हा थांबायचं. बाहेर येऊन मी तिथल्या तपासनीस बाईंना सांगितलं की तुमचं यंत्र मध्येमध्ये बंद पडतंय, कुठेतरी सांधा सुटला असेल, हवा तर बघून देतो.

त्यांनी कागद पुढे केला. दोन रेघा होत्या, दोन कानांच्या. वर सरळ चालत गेलेल्या आणि मग एकाएकी खाली, तळघराच्या पायऱ्या उतराव्यात तशा. त्या म्हणाल्या, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचा असा येतो. मी म्हटलं, असेल, पण माझा नाही.

बारकी तो कागद हातात घेऊन उभी होती. रेघ जिथे उतरते तिथे तिने बोट ठेवलं होतं. मग माझ्यासमोर आली आणि हळू विचारलं,

"मामा, तू पेटीतला चौथा आवाज वाढवलास का?"

"वाढवला नाही. सुधारला."

ती ओरडली असती तर मी दोन शब्द बोललो असतो. ती ओरडली नाही. बाकावर बसली, पेटी मांडीवर घेतली आणि माझ्याच खिशातला स्क्रूड्रायव्हर मागून झाकण उघडलं. लाल ठिपका आत ऐटीत बसला होता. मला त्या क्षणी समजलं. समजलं म्हणजे, माझ्या कानाला जेवढं कमी पडत होतं तेवढं मी त्या मुलांच्या कानांत ओतलं होतं. ज्या पोरीला बारीक आवाज ऐकू येत नव्हता तिलाही तो ऐकू आला, कारण माझ्या पेटीत तो बारीक राहिलाच नव्हता. किंचाळत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर्ष बारकीचं जाणार आणि करणारा सख्खा मामा.

मी जायला निघालो तर तिने बाही धरली.

"हा ठिपका कधी लावलास?"

"घर बांधलं त्याच दिवशी. शाळांत जायच्या आधी."

"आणि नंतर? परत कधी फिरवलास?"

"एकदा लावलेल्याला मी पुन्हा हात लावत नाही," मी म्हटलं. रागानेच म्हटलं असेन.

बारकीने ठिपक्यावर नख घासून पाहिलं. निघेना. मग ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. तपासनीस बाई पाणी घेऊन आल्या. मला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

ती म्हणाली, स्क्रू पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत जागचा हलला नाही, म्हणजे चूक प्रत्येक वेळी तेवढीच. मीटरवर मोजायचं की तू किती वाढवलास, आणि चौथ्या आवाजाच्या प्रत्येक आकड्यात तेवढी दुरुस्ती करायची. शाळा पुन्हा करायला नकोत. मुलं जिथल्या तिथे सापडतील.

मला धड आनंदही मानता येईना आणि दुःखही.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, कळलं. कोणाला कळलं ते बोलली नाही.

१६ सप्टेंबर, बुधवार

गेले काही दिवस लिहिलं नाही. दुकानही अर्धा दिवसच उघडलं. संगीतमास्तरांकडे जाऊन त्यांचा स्पीकर मागून आणला आणि पुन्हा मूळ होता तसा करून दिला. काही बोललो नाही. त्यांनी चहा दिला. उरलेल्या दोघांकडे उद्या जाईन.

बारकीचे आकडे जमले. दुरुस्ती केल्यावर पेटीने वेगळी काढलेली मुलं तिने दवाखान्यात बोलावली. आज शेवटचं मूल झालं. मोठं यंत्र आणि पेटी, दोघांचं एकमत. ती तिसरीतली मुलगी यादीत सर्वांत वर आहे. पण तिच्याशिवायही आठ मुलं सापडली, ज्यांच्याबद्दल बाईंना, आईबापांना, कोणालाच संशय नव्हता. एकाला तर दरवर्षी खोडकर म्हणून मागच्या बाकावर बसवत होते.

छातीवरचा दगड उतरला. पूर्ण नाही. सादरीकरण अजून बाकी आहे, आणि तिथे तिला हे सगळं सांगावंच लागणार.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

आज झालं.

मोठी खोली, उतरत्या बाकांची. आम्ही दोघं पहिल्या बाकावर बसलो. जागा हिने निवडली. ताई प्रवासाने थकून आली होती, तिला मधे बसवलं. तीन परीक्षक, त्यांतले बाहेरचे मध्यभागी, टोकदार नाकाचे. बारकी पुढे उभी राहिली तेव्हा शाळेच्या पहिल्या दिवशी उभी होती तशीच दिसली, फक्त रडत नव्हती.

चांगलं बोलली. लपवाछपवी नाही. मधल्या काळातले आकडे का चुकले ते तिने स्वतःच सांगितलं. पेटीला घर बांधून घेतलं तेव्हा आतलं एक माप बदललं गेलं, आणि पेटी परत आल्यावर तिने ती मीटरवर पुन्हा तपासली नाही. "ही माझी चूक," म्हणाली. माझा उल्लेख नाही. कोणी बदललं ते नाही. मी बसल्या जागी आकसलो.

टोकदार नाकवाल्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, हिशेब बरोबर आहे, पण मला काळजी वेगळीच आहे. या वेळी तुम्हाला कळलं. उद्या शेकडो पेट्या शाळांत जातील. एखादीचा सांधा सुटेल, शिक्षक ती जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेतील. त्याने आत हात घातला तर तुम्हाला कळणार कसं? बारकी म्हणाली, झाकणावर ठळक सूचना असेल, उघडू नये अशी. ते म्हणाले, सूचना कोण वाचतं? बारकीने हातातले कागद चाळले. इतक्या दिवसांची मेहनत बुडताना मला दिसली.

मी उभा राहिलो. हिने ताईच्या मागून शर्ट ओढला, तरी राहिलो.

"साहेब, तो दुरुस्तीवाला उघडणारच," मी म्हटलं. "सूचना वाचून तर जास्तच उघडेल. मला माहीत आहे, कारण तो मी आहे. हिची पेटी मीच उघडली आणि मीच बिघडवली, आणि वर तिच्यावर उपकार केले म्हणून खूश होतो."

मागे कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. बसा म्हणाले नाहीत, हेही खरं.

मी पुढे म्हटलं, "माझ्यासारखा माणूस प्रत्येक रस्त्यावर एक असतो. त्याला थांबवता येत नाही. पेटीला थांबवा. झाकण उघडलं की ती बंद पडली पाहिजे, आणि विद्यापीठात मीटरवर लावल्याशिवाय कोणाच्या बापाला सुरू होता कामा नये. चुकीचं सांगण्यापेक्षा मुकी राहिलेली बरी."

साहेबांनी बारकीकडे वळून विचारलं, होईल का असं? बारकी माझ्याकडे बघत होती. झाकणाखाली एक स्विच, म्हणाली, आणि एक छोटं सर्किट. होईल. फळ्यावर तिथेच काढून दाखवलं. मधे एकदा अडखळली तेव्हा मी सांगणार होतो, पण ताईने पाय दाबला, आणि तेवढ्यात बारकीला आलंच.

आम्हाला बाहेर बसवलं. मी जाहिराती लावलेला फलक वाचत उभा राहिलो, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. दार उघडलं आणि टोकदार नाकवाले स्वतः बाहेर आले. बारकीपुढे हात करून म्हणाले, अभिनंदन, डॉक्टर. शाळांचं मी समितीत मांडतो, पण स्विचसकट.

ताई रडली. ही रडली. मी खिडकीकडे गेलो, तिथे धूळ फार होती.

निघताना मॅडम भेटल्या. म्हणाल्या, तुमची भेट व्हायचीच होती. पहिल्या मुलाखतीत हिला मी विचारलं होतं, कानांचाच विषय का, तेव्हा हिने तासभर तुमच्याबद्दलच सांगितलं होतं. मी नम्रपणे म्हटलं, लहानपणी प्रत्येक सुट्टीत माझ्या दुकानातच असायची ना, सर्किटं बघून गोडी लागली असेल. मॅडम बारकीकडे बघून हसल्या. हुशार बाई आहेत.

२ नोव्हेंबर, सोमवार

समितीचा होकार आला. पहिल्या पेट्यांची घरं मी करायची, आतलं बारकी आणि तिचे विद्यार्थी बघणार. तिला आता विद्यार्थी आहेत.

तिसरीतल्या मुलीला कानातली यंत्रं मिळाली. बाई सांगत होत्या, पहिल्याच आठवड्यात तिने वर्गाला दोनदा गप्प बसायला सांगितलं. खोडकर पोरगा पुढच्या बाकावर आला आहे आणि तिथूनही खोड्या काढतो. म्हणजे ते कानांमुळे नव्हतं.

हिने माझ्यासाठीही दवाखान्यात नाव नोंदवून ठेवलं आहे. जाईन. यंत्र आतून कसं असतं ते एकदा बघायचंच होतं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

पहिली नवी पेटी आज पूर्ण झाली. बारकीने प्रयोगशाळेत आवाज लावून, झाकण बंद करून, सकाळी दुकानात आणून दिली आणि वर्गावर गेली. दिसायला देखणी. सुरू केली, चारही आवाजांचे दिवे नीट लागले. ऐकून पाहायचा मोह झाला नाही असं लिहिणार नाही, पण ऐकली नाही.

तरी स्विच माझाच प्रस्ताव होता, त्याची परीक्षा कोणीतरी घ्यायला हवी. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि अगदी अलगद, चोरासारखं, झाकण जरासं उचललं. पेटी विझली. झाकण पुन्हा लावलं. विझलेलीच. बॅटरी काढून घातली, उलटी केली, थापटली, माझ्या ठेवणीतल्या दोन युक्त्या होत्या त्या करून पाहिल्या. ढिम्म. इतकं चोख काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

बारकीला फोन करून सांगितलं की पेटी बंद पडली आहे, पुन्हा लावून हवी आहे. कशी पडली ते तिने विचारलं नाही. फोनवरचं मला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून तिने मेसेज केला. मंगळवारी दुपारी आण, त्याआधी मीटरवर रांग आहे.